चालान भरलं, पुढे काय? दंडाला प्रशिक्षणाची जोड कशी द्यावी

‘इथंच तं जाऊन येतो, हेल्मेट कायले?’ हा प्रश्न वर्धा जिल्ह्यातल्या घराघरात रोज विचारला जातो. त्याचं उत्तर बहुतेकदा बजाज चौकात किंवा आर्वी नाक्यावर उभा असलेला वाहतूक पोलीस देतो. गाडीचा फोटो निघतो आणि थोड्या वेळानं मोबाइलवर चालानाचा मेसेज येतो. कुणी ते लगेच भरून टाकतो, तर कुणी ‘लोकअदालतीत पाहू’ म्हणून ठेवून देतो. गाडी मात्र दोघांचीही दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखीच चालते.

याचं एक कारण साधं आहे. आपल्याकडे कार शिकायला माणूस ड्रायव्हिंग स्कूलची फी भरतो. दुचाकी मात्र मोठ्या भावाकडून नाहीतर मामाकडून गावाबाहेरच्या रस्त्यावर दोन-चार संध्याकाळींत शिकतो. मग परिवहन कार्यालयात पाय न टेकवता ‘आठ’ काढून दाखवला की लायसन हातात येतं आणि शिक्षण संपतं. पुढची तीस-चाळीस वर्षं त्याच भांडवलावर निघतात. अचानक ब्रेक कसा लावायचा, वळण्याआधी कुठे पाहायचं, समोरच्या ट्रकच्या चालकाला आपण दिसतो की नाही, हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं. ते चालानाच्या पावतीवरही छापलेलं नसतं.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट न घातल्यामुळे गेलेल्यांची नोंद ५०,०२९ आहे. हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे आहेत. दंड हवाच, पण नियम मोडणारा माणूस एकदा यंत्रणेसमोर उभा राहिला की तेवढ्या वेळात त्याला काही शिकवून परत पाठवणं हे दंडाइतकंच महत्त्वाचं आहे. यासाठी नवा कायदा लागत नाही. असलेल्या कायद्यात काय आहे, वर्ग कसा घ्यायचा आणि आपल्या तालुक्यात तो सुरू व्हावा म्हणून काय करायचं, हे या लेखात क्रमानं पाहू.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८चा. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. दंडाच्या रकमा वाढल्या, म्हणून तिची चर्चा झाली. पण त्याच दुरुस्तीत प्रशिक्षणाची तरतूदही आली, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

हेल्मेट न घालण्याबद्दल कलम १९४-डी आणि ट्रिपल सीटबद्दल कलम १९४-सी. दोन्हींत १,००० रुपये दंडाबरोबर तीन महिने लायसन अपात्र ठरण्याची शिक्षा आहे. तडजोडीची रक्कम राज्य सरकार अधिसूचनेनं ठरवतं, चालानावर तीच येते. मर्यादेपेक्षा जास्त वेग, धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं, हेल्मेट, ट्रिपल सीट, रुग्णवाहिकेला वाट न देणं अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन जप्त करून परिवहन कार्यालयाकडे पाठवू शकतात. हा अधिकार कलम २०६ मध्ये आहे. सिग्नल तोडणं, राँग साइडनं येणं, गाडी चालवताना हातात मोबाइल धरणं, हे सगळं कलम १८४च्या ‘धोकादायक’ व्याख्येत मोडतं.

पुढचा भाग कलम १९ मध्ये आहे. लायसन निलंबित झालं असेल, तर मुदत संपल्यावर ते आपोआप परत मिळत नाही. चालकानं उजळणी प्रशिक्षण पूर्ण केलं तरच ते परत द्यायचं, असं कायदा सांगतो. हे प्रशिक्षण परवानाधारक ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किंवा सरकारनं अधिसूचित केलेल्या संस्थेत घ्यायचं असतं.

तिसरी तरतूद कलम २०० ची, म्हणजे तडजोडीच्या दंडाची. दंड भरला म्हणजे प्रकरण मिटलं, असा आपला समज असतो. कायदा म्हणतो की दंड भरला तरी लायसनवरची कारवाई, उजळणी प्रशिक्षणाचं बंधन आणि समाजसेवेचं बंधन यांतून सुटका होत नाही. शिवाय दंड भरून मिटवलेला गुन्हाही ‘पहिला गुन्हा’ म्हणून मोजला जातो. पुन्हा सापडलात की तुम्ही दुसऱ्यांदाचे ठरता.

थोडक्यात, ‘दंड नको, त्याऐवजी वर्गाला बसतो’ असं म्हणण्याचा हक्क आजचा कायदा चालकाला देत नाही. दंडाबरोबर प्रशिक्षण देण्याची आणि प्रशिक्षणाशिवाय लायसन परत न करण्याची पुरेशी ताकद मात्र यंत्रणेला देतो. मागणी करताना हा फरक लक्षात ठेवावा. नाहीतर पहिल्याच बैठकीत ‘कायद्यात बसत नाही’ असं उत्तर मिळेल आणि अर्ज फाइलला लागेल.

नाशिकनं काय केलं

ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं राज्यांना काही सूचना दिल्या. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन या समितीचे अध्यक्ष होते. हेल्मेट किंवा सीटबेल्ट न वापरणाऱ्यांना किमान दोन तास रस्ता सुरक्षेचं शिक्षण आणि समुपदेशन द्यावं, ही त्यांतली एक सूचना.

महाराष्ट्रात ती ठळकपणे अमलात आलेली दिसली नाशिक शहरात. २०२१ मध्ये तत्कालीन पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांनी १५ ऑगस्टपासून ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू केली. त्यानंतर विनाहेल्मेट सापडलेल्या दुचाकीस्वारांना ट्रॅफिक एज्युकेशन पार्कमध्ये नेऊन दोन तासांचं समुपदेशन दिलं जाऊ लागलं. हा पार्क ‘नाशिक फर्स्ट’ ही संस्था चालवते. पुढे दंडाची कारवाईही सुरू झाली.

नाशिककडून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, पकडलेल्या माणसाला पाठवायला शहरात ठरलेली जागा होती आणि शिकवणारी माणसं तिथे तयार होती. दुसरी, वेळ हीच शिक्षा झाली. खिशातले पाचशे रुपये गेले तर माणूस आठवड्यात विसरतो. कामाच्या दिवसाचे दोन तास गेले तर घरी, कट्ट्यावर, ऑफिसात सांगतो, आणि ऐकणारे चारजण सावध होतात.

केरळमध्येही लायसन निलंबित झालेल्यांना मलप्पुरम जिल्ह्यातल्या एडप्पाळच्या चालक प्रशिक्षण संस्थेत उजळणी वर्गाला पाठवलं जातं. आपल्या राज्यात पुण्याच्या कासारवाडीला अशी मोठी संस्था आहे. पण आष्टी-कारंज्याच्या माणसाला पुणे फार दूर पडतं. वर्ग तालुक्यात व्हावा लागेल.

अपेक्षा किती ठेवावी

ब्रिटनमध्ये ठरावीक मर्यादेपर्यंतच वेग ओलांडलेल्या चालकाला दंड आणि लायसनवरचे गुण टाळून त्याऐवजी वर्ग निवडता येतो. मोटारसायकलवाल्यांसाठी ‘राइड’ नावाचा वेगळा वर्ग आहे. वर्गाची फी चालक स्वतः भरतो. वेगाच्या वर्गाची ही सवलत तीन वर्षांत एकदाच मिळते, आणि फार जास्त वेगानं जाणाऱ्याला ती मुळीच मिळत नाही. तिथल्या सरकारनं २०१८ मध्ये या वर्गांचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. वर्गाला बसलेले चालक दंड भरलेल्यांपेक्षा पुन्हा वेगाच्या गुन्ह्यात कमी सापडले. अपघात कमी झाल्याचा ठोस पुरावा मात्र त्यात मिळाला नाही. दुचाकी प्रशिक्षणाच्या तेवीस अभ्यासांची एक छाननी २०१० साली झाली होती. प्रशिक्षणामुळे अपघात घटतात असं खात्रीनं म्हणण्याइतके ते अभ्यासच चांगल्या दर्जाचे नाहीत, असा तिचा निष्कर्ष होता.

म्हणून ‘वर्ग सुरू करा, अपघात थांबतील’ असं आश्वासन कुणाला देऊ नये. वर्गामुळे सवय बदलू शकते, एवढं म्हणावं आणि वर्गाची आखणी त्याच हिशेबानं करावी. भाषणं झोडून सवय बदलत नाही. कसरती शिकवून तर उलटा परिणाम होतो. ‘मला आता सगळं जमतं’ असं वाटलेला पोरगा पहिल्यापेक्षा जोरात जातो.

कुणाला वर्ग, कुणाला फक्त कायदा

सरसकट सगळ्यांना वर्गाला बसवलं तर तो सवलतीचा बाजार होईल. यादी आधीच स्पष्ट असावी.

वर्गाला पाठवावेत असे: पहिल्यांदाच विनाहेल्मेट सापडलेले, ट्रिपल सीटवाले, सिग्नल तोडणारे, राँग साइडनं येणारे, मोबाइलवर बोलत गाडी चालवणारे, थोडाफार वेग ओलांडलेले.

वर्गाची सवलत देऊच नये असे: दारू पिऊन चालवणारे, रस्त्यावर शर्यत लावणारे, अपघात करून पळालेले आणि लायसनच नसलेले. आपला जिल्हा दारूबंदीचा म्हणून दारूचा मुद्दा गाळायचं कारण नाही. श्वासतपासणी यंत्राला बंदीशी देणंघेणं नसतं.

अल्पवयीन मुलांचं प्रकरण वेगळं आहे. अठराच्या आतल्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर कलम १९९-ए प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही, इतकी कडक तरतूद आहे. ट्यूशनला जायला दहावीच्या पोराच्या हाती स्कूटी देणाऱ्या आईवडिलांनी ती एकदा वाचावी. अशा प्रकरणात कारवाई तर व्हावीच, शिवाय पुढे दिलेल्या वर्गात पालकांनाही बसवावं.

तीन तासांचा वर्ग

वर्ध्याला शिक्षणाची एक परंपरा आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीनं आखलेली योजना ‘वर्धा योजना’ म्हणून देशभर गेली. हातानं काम करत शिकायचं, हा तिचा गाभा. दुचाकी शिकवायला याहून चांगली पद्धत नाही. तीन तासांतले निदान दोन तास माणूस स्वतःच्या गाडीवर मैदानात असला पाहिजे. एका वर्गात वीसपेक्षा जास्त माणसं नकोत, आणि प्रत्येकानं स्वतःची गाडी आणि स्वतःचं हेल्मेट आणायचं.

*पहिला टप्पा, हेल्मेट.* आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक पाहायला शिकवा. जून २०२१ पासून बीआयएस प्रमाणपत्र नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला टोपीसारखी हेल्मेटं मिळतातच. मग चाचणी घ्या. पट्टा लावून मान खाली वाकवायची, दुसऱ्यानं हेल्मेटची मागची कड धरून पुढे ओढायची. निघून आलं तर माप चुकलं किंवा पट्टा सैल. वीसजणांत ही चाचणी केली की हेल्मेट घालूनही किती डोकी उघडीच आहेत, ते सगळ्यांना दिसतं. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के घटतो, पण ते डोक्यावर टिकलं तर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो तेव्हा उकाड्याची तक्रार खोटी नसते. त्यावर उपाय म्हणजे आत पातळ सुती टोपी घालणं आणि अस्तर अधूनमधून धुणं. जाड दुपट्टा गुंडाळून त्यावर हेल्मेट चढवलं की पकड जाते.

*दुसरा टप्पा, गाडी.* टायरची नक्षी, ब्रेकच्या लिव्हरचा ढिलेपणा, चेन, इंडिकेटर, मागचा दिवा, आणि आरसे. ‘लूक’साठी आरसे काढून टाकलेल्या गाड्या इथेच बाजूला काढाव्यात. साडीगार्ड आणि मागे बसणाऱ्यासाठी पकड नियमानं लागते. पदर, ओढणी, शेला चाकाजवळ लोंबत नाही ना, हेही याच टप्प्यात दाखवावं. मूल असेल तर ९ महिने ते ४ वर्षं वयाला सुरक्षा पट्टा, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

*तिसरा टप्पा, ब्रेक.* सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. ‘पुढचा ब्रेक दाबला की माणूस फेकला जातो’ हे लहानपणापासून ऐकलेलं असतं, म्हणून बहुतेकजण नुसता मागचा ब्रेक दाबतात. मैदानात खडूनं एक आडवी रेघ मारा, पुढे दर पाच मीटरवर शंकू ठेवा. गाडी ताशी ३० नं आणायची, रेघेवर चाक आलं की ब्रेक. पहिल्या वेळी फक्त मागचा. दुसऱ्या वेळी दोन्ही, पुढचा हळूहळू वाढत्या दाबानं, हँडल सरळ ठेवून. दोन्ही वेळा गाडी कुठे थांबली तिथे खडूनं नाव लिहा. नुसत्या मागच्या ब्रेकनं अंतर जवळपास दुप्पट भरतं. ही दोन नावं शेजारीशेजारी न येता लांब-लांब लिहिलेली पाहिली की वेगळं व्याख्यान लागत नाही. मऊ मातीवर, खडीवर, वळणात पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही, हे त्याच वेळी सांगावं. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांत १२५ सीसीपर्यंत कॉम्बी ब्रेक आणि त्यावर एबीएस सक्तीचं आहे. आपल्या गाडीत काय आहे, हे प्रत्येकानं पाहून घ्यावं.

मग फळ्यावर एक हिशेब मांडा. ताशी ४० नं गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. समोरचं संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, त्यानंतर कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लावला तरी आणखी नऊएक मीटर लागतात. एकूण वीस मीटर. ताशी ६० ला तेच अंतर सदतीसच्या आसपास जातं. वेग दीडपट झाला, थांबायला लागणारी जागा जवळपास दुप्पट. हे अंतर मैदानात पावलांनी मोजून दाखवावं.

*चौथा टप्पा, संथ चालवणं आणि पाहणं.* अरुंद पट्टीतून पाय न टेकवता हळू जाणं, लहान जागेत वळणं, आणि वळण्याआधी आरसा पाहून मग खांद्यावरून मागे नजर टाकणं. आपल्याकडे उजवीकडे वळणारा इंडिकेटर देतो आणि त्याच क्षणी वळतो. इंडिकेटर, आरसा, खांदा, मग वळण, हा क्रम दहा वेळा करून घ्यावा.

*पाचवा टप्पा, आपले रस्ते.* इथे तयार पुस्तकातली चित्रं नकोत. वर्गासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या जागांचे फोटो काढावेत आणि प्रत्येक फोटोवर एकच प्रश्न विचारावा: यात धोका कुठे लपला आहे? काही नमुने असे.

– पावसाळ्यात पांदणीतून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर चढतो, चाकांना लागलेली काळी माती रस्त्यावर पसरते. पाऊस पडून गेल्यावर त्या पट्ट्यावर ब्रेक लागत नाही. वेग कमी करायचा तो पट्ट्याआधी, पट्ट्यावर गेल्यावर नव्हे.

– कापूस घरी येऊ लागला की अंधार पडता पडता बंड्या आणि ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात डोळे दिपले की पुढची बंडी दिसतच नाही. समोरून झोत आला की वेग उतरवायचा.

– सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला आणि शेतशिवारातून रोही, रानडुकरं अचानक आडवी येतात. एक रोही गेला की मागून दुसरा येणार, हे गृहीत धरायचं. वाचवायला हँडल झटक्यानं वळवू नये. सरळ रेषेत ब्रेक लावावा.

– हिंगणघाट, जाम भागात राष्ट्रीय महामार्ग ४४, तळेगाव-कारंजा भागात नागपूर-अमरावती मार्ग आणि देवळी-वर्ध्याकडून जाणारा नागपूर-तुळजापूर मार्ग. इथे दुभाजकातली फट लांब पडते म्हणून गावकरी अर्धा किलोमीटर राँग साइडनं येतो. समोरच्या ट्रकवाल्याला त्या बाजूनं कुणी येईल अशी कल्पनाही नसते.

– समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. येळाकेळीच्या इंटरचेंजवरून ‘जरा पाहून येऊ’ म्हणून वर चढणाऱ्या पोरांना हे स्पष्ट सांगावं.

– थांबलेल्या एसटीच्या पुढून उतरलेला प्रवासी रस्ता ओलांडतोच. एसटीच्या बाजूनं जाताना हात ब्रेकवर हवा.

*सहावा टप्पा, अपघात झाल्यावर.* १०८ ला फोन, जखमीला पाणी न पाजणं, मान न हलवणं, हेल्मेट ओढून न काढणं. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती नसते, असं कलम १३४-ए सांगतं. ‘पोलिसांचं लफडं नको’ म्हणून पुढे निघून जाणाऱ्यांना हे माहीत नसतं. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय ही दोन मोठी रुग्णालयं वर्धा शहराला लागून आहेत. त्यांच्या अपघात विभागातले डॉक्टर किंवा परिचारिका अर्धा तास बोलल्या, तर कुणालाही विसरता येणार नाही.

शेवटी दहा फोटोंचे प्रश्न आणि एक ब्रेकची चाचणी. नापास झाला तर पुढच्या रविवारी पुन्हा यायचं. नुसती हजेरी लावून प्रमाणपत्र मिळू लागलं की दोन महिन्यांत वर्गाची किंमत शून्य होईल.

जागा, माणसं, पैसा

जागा शोधायला फार लांब जावं लागत नाही. रविवारी बाजार समितीचं आवार रिकामं असतं. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगची मोठी आवारं मोकळी असतात. महाविद्यालयांची मैदानं आहेतच. सपाट, गाडीमुक्त, साठ-सत्तर मीटर लांबीचा तुकडा पुरतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राला दुचाकी आणि हलक्या वाहनांसाठी एक एकर जागा लागते, आणि तिथे उजळणी वर्गही घेता येतात. असं केंद्र जिल्ह्यात उभं राहिलं तर उत्तमच, पण तोवर थांबायची गरज नाही.

शिकवायला मोटार वाहन निरीक्षक आणि वाहतूक शाखेचे कर्मचारी मुख्य. त्यांच्या जोडीला ड्रायव्हिंग स्कूलचे प्रशिक्षक आणि वर्षानुवर्षं विनाअपघात सेवा दिलेले एसटीचे चालक घ्यावेत. अशा चालकाला ट्रकच्या आणि बसच्या काचेतून दुचाकी कुठे दिसत नाही, हे अचूक माहीत असतं. एक एसटी मैदानात उभी करून प्रत्येकाला दोन मिनिटं चालकाच्या जागेवर बसवा आणि बसच्या कडेला उभी केलेली दुचाकी दिसते का, विचारा.

पैशाचा प्रश्न वर्गाच्या फीनं सुटतो. शंकू, खडू, मोजपट्टी, फोटोंचे मोठे प्रिंट आणि चहा, एवढाच खर्च आहे. फी घेताना पावती द्यावी आणि वर्ग पोलिसांच्या ओळखीच्या एकाच स्कूलकडे जाणार नाही याची काळजी घ्यावी, नाहीतर चांगल्या कामाला संशयाचा वास येतो.

तुमच्या नावावर चालान असेल तर

१. महाट्रॅफिक अॅपवर किंवा अधिकृत ई-चालान संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून खात्री करा. व्हॉट्सअॅपवर ‘आरटीओ चालान’ नावाची एपीके फाइल आली तर उघडू नका, ती बँक खातं रिकामं करणाऱ्यांची असते.

२. फोटो पाहा. गाडी तुमची नसेल किंवा नंबर चुकीचा वाचला गेला असेल, तर तिथेच तक्रार नोंदवता येते.

३. थकलेली चालानं लोकअदालतीत तडजोडीनं मिटवता येतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तारीख विचारा. तोवर त्याच गुन्ह्यात पुन्हा सापडू नका.

४. लायसन निलंबनाची नोटीस आली तर उत्तर द्या. तुम्हाला म्हणणं मांडायची संधी कायद्यानं दिली आहे. उजळणी प्रशिक्षण कुठे घ्यायचं, हे परिवहन कार्यालयाकडून लेखी मागा. या एका लेखी प्रश्नानंच वर्ग सुरू होण्याची गरज कार्यालयाच्या नोंदीत येते.

मागणी कशी करायची

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस, परिवहन, बांधकाम ही खाती तिच्यात बसतात. अर्ज तिथे द्यावा, प्रत पोलीस अधीक्षक आणि परिवहन अधिकाऱ्यांना. अर्ज एका पानाचा असावा आणि त्यात एवढंच मागावं: आठही तालुक्यांत महिन्यातून एक रविवार वर्ग, हेल्मेट आणि ट्रिपल सीटच्या पहिल्या गुन्ह्यात चालानासोबत वर्गाची तारीख, निलंबित लायसन परत देताना कलम १९ प्रमाणे या वर्गाचं प्रमाणपत्र, आणि सहा महिन्यांनी हिशेब. किती आले, किती नापास झाले आणि वर्ग केलेल्यांपैकी किती पुन्हा सापडले, हे तीन आकडे जाहीर झाले पाहिजेत. ते जाहीर झाले तरच वर्गाचा उपयोग झाला की नाही, ते कळेल.

अर्जासोबत जागा देणाऱ्याचं संमतिपत्र आणि शिकवायला तयार असलेल्या दोन-तीन माणसांची नावं जोडली, तर अर्ज फेटाळणं कठीण जातं. ग्रामपंचायत, महाविद्यालयाचा राष्ट्रीय सेवा योजनेचा गट किंवा बाजार समिती यांपैकी कुणीही पुढाकार घेऊ शकतं.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं. रॅली निघते, फलक लागतात, विनाहेल्मेट माणसाला गुलाबाचं फूल देऊन ‘गांधीगिरी’ केल्याचे फोटो छापून येतात. त्याच माणसाला फुलाऐवजी पुढच्या रविवारच्या वर्गाची चिठ्ठी द्या, आणि तो आला नाही तर लायसनवर कारवाई करा. येत्या अभियानाच्या आधी तुमच्या तालुक्यातून असा एक अर्ज जाऊ द्या.